न दिसणारी शर्यत : राष्ट्रीय मोटार-रॅलीच्या इतिहासाचें एक परीक्षण

(१)

कोल्हापूरच्या खासबाग मैदानांत बसून ज्यानें एकदां तरी कुस्ती पाहिली असेल, त्याला त्या मैदानाचा गुण समजावून सांगावा लागत नाहीं. शाहू छत्रपति १९०२ सालीं विलायतेच्या प्रवासास गेले. त्या प्रवासांत रोमचें प्राचीन क्रीडागार त्यांच्या नजरेस पडलें, आणि १९१२ सालीं त्यांच्या राजधानींत हें मैदान उभें राहिलें. मध्यें लाल मातीचा हौदा आणि सभोंवार चढत गेलेल्या बैठका. अगदीं शेवटच्या रांगेंतील शेतकऱ्यालाहि मल्लाची पाठ मातीला लागलेली दिसते, आणि ती सर्वांना एकाच क्षणीं दिसते. खेळाचा निकाल हा येथें हजारों डोळ्यांनीं मिळून दिलेला निकाल असतो. आमच्या गांवची क्रीडाविषयक अभिरुचि या मैदानानें घडविली आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. जें डोळ्यांदेखत घडतें, जें गोलाकार जमलेल्या समुदायाला सारखेंच दिसतें, तोच खेळ असें आम्ही मनोमन धरून चाललों आहोंत.

मोटार-रॅली हा खेळ याच्या अगदीं उलट टोंकाला उभा आहे. प्रेक्षक एखाद्या वळणावर तासन्‌तास थांबतो. दूरवर धुळीचा लोट उठतो, यंत्राचा आवाज वाढत येतो, गाडी तिरकी होऊन समोरून निघून जाते, आणि पुन्हां मिनिट-दोन मिनिटें रस्ता ओस पडतो. गेलेली गाडी जिंकत आहे कीं हरत आहे, हें त्याला कळत नाहीं. गाड्या एकापाठोपाठ ठराविक अंतरानें सोडलेल्या असतात. त्यांची झुंज परस्परांशीं समोरासमोर नसून घड्याळाशीं असते. चालकाला स्वतःलाहि आपला क्रमांक टप्पा संपल्यावर, कागदावरील आंकड्यांची बेरीज झाल्यावरच समजतो. सारांश, रॅली संपूर्णपणें कोणीच पाहत नाहीं. प्रेक्षक एक वळण पाहतो, पंच एक घड्याळ पाहतो, आणि चालक समोरचे चारदोनशें हात पाहतो.

मग या खेळाचा रस कोठें आहे? आमचें उत्तर असें, कीं तो सांगण्यांत आहे. जो खेळ एका दृष्टिक्षेपांत मावत नाहीं, तो कथेंतच मावूं शकतो. पायीं केलेला प्रवास जसा कोणी पाहिलेला नसतो, पण विष्णुभट गोडशांसारखा कोणी तो लिहून ठेवतो तेव्हां पुढच्या पिढ्यांना दिसूं लागतो, तशीच रॅलीची गति आहे. म्हणून तिच्या इतिहासाचें परीक्षण वाङ्‌मयास वाहिलेल्या मासिकांत करणें हें अस्थानीं नव्हे. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धा १९८८ सालीं सुरू झाली. साडेतीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या स्पर्धेची कथा कशी सांगितली गेली, तिच्यांत काय आलें आणि काय गळलें, हें पाहण्याचा येथें हेतु आहे. जें गळलें तें सामान्य नाहीं, असें आम्हांस वाटतें.

(२)

प्रथम खेळाचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. कारण त्याविषयीं सुशिक्षितांतहि गैरसमज फार आहेत. मोटारी वेगानें पळविणें म्हणजे रॅली नव्हे. रॅलीचे स्थूलमानानें दोन प्रकार आहेत. एकांत सरासरी वेग आधींच ठरवून दिलेला असतो, आणि तो काटेकोरपणें राखणें हीच परीक्षा असते. उशिरा येणाऱ्यास दंड होतो, तसाच लवकर येणाऱ्यासहि होतो. हा प्रकार सार्वजनिक रस्त्यावर, रहदारीचे नियम पाळून होतो, आणि त्यांत गणिताचें डोकें धाडसापेक्षां अधिक कामास येतें. दुसऱ्या प्रकारांत रस्त्याचे कांहीं तुकडे पूर्णपणें बंद करून घेतात. त्यांना स्पेशल स्टेज म्हणतात. तेवढ्या तुकड्यावर वेगाला मर्यादा नाहीं, आणि सर्व तुकड्यांना लागलेल्या वेळेची बेरीज ज्याची कमी, तो विजयी. एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत जातांना मात्र हीच गाडी सामान्य गाडीसारखी, सिग्नलला थांबत, बैलगाडीला वाट देत जाते. राष्ट्रीय अजिंक्यपद ठरतें तें या दुसऱ्या प्रकारावर.

गाडींत माणसें दोन असतात. एक चालवितो, दुसरा वाचतो. स्पर्धेच्या आधीं त्या दोघांना तोच रस्ता सावकाश फिरून पाहण्याची मुभा असते. त्या वेळीं प्रत्येक वळण, प्रत्येक चढउतार, वळणावळणांमधील अंतर, रस्त्याच्या कडेचा धोंडा किंवा ओढा, हें सर्व एका वहींत सांकेतिक भाषेंत उतरून घेतात. यांना पेस नोट्स म्हणतात. शर्यतींत शिरस्त्राणांतील ध्वनियंत्रांतून सहचालक तें वाचीत राहतो : डावें चार, पुढें शंभर, उजवें दोन, आवळत जाणारें, आंतून कापूं नका. आंकडा जितका लहान तितकें वळण अवघड, ही एक प्रचलित पद्धति. पण प्रत्येक जोडीची भाषा थोडी निराळी असते, आणि ती त्या दोघांखेरीज तिसऱ्याला सहजासहजीं उमगत नाहीं. चालक जें पाहतो त्यावर गाडी चालवीत नाहीं; जें ऐकतो त्यावर चालवितो. उंचवट्यापलीकडचा रस्ता दिसत नसतांहि तो पूर्ण वेगानें त्यावर झेप घेतो, कारण पलीकडे रस्ता सरळ आहे असें वाचणाऱ्यानें सांगितलेलें असतें.

आमच्याकडे श्रावणांत पोथी लावतात, तेव्हां एक वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. येथें एक वाचतो आणि दुसरा तो अर्थ तत्क्षणीं आचरतो. वाचनांत अर्ध्या क्षणाची चूक झाली तर तिचें प्रायश्चित्त दोघांनाहि घ्यावें लागतें. एका मनुष्यानें दुसऱ्याच्या शब्दावर इतका विश्वास ठेवावा, असे प्रसंग आधुनिक जीवनांत फार थोडे उरले आहेत. रॅलीचें सौंदर्य आम्हांस वेगांत दिसत नाहीं. तें या विश्वासांत दिसतें.

या विद्येचा एक नामांकित दाखला एका लेखकाचाच आहे, हें वाचकांना कौतुकाचें वाटेल. डेनिस जेंकिन्सन हा इंग्लंडांतील ‘मोटार स्पोर्ट’ मासिकाचा प्रतिनिधि होता. १९५५ सालीं इटलींतील ‘मिले मिलिया’ या हजार मैलांच्या शर्यतींत तो स्टर्लिंग मॉस या चालकाशेजारीं बसला. ही शर्यत आजच्या अर्थानें रॅली नव्हती, पण ती सार्वजनिक रस्त्यांवर धांवविली जात असे. दोघांनीं आधीं तो रस्ता पुनःपुन्हां फिरून पाहिला, आणि जेंकिन्सननें सुमारें अठरा फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर त्याचें टिपण केलें. यंत्राच्या आवाजांत शब्द ऐकूं येणें शक्य नव्हतें, म्हणून तो हाताच्या खुणांनीं वळणें सांगत असे. सकाळीं ७ वाजून २२ मिनिटांनीं निघालेल्या त्यांच्या गाडीवर ७२२ हाच क्रमांक होता. १० तास ७ मिनिटें ४८ सेकंदांत, ताशीं सुमारें ९८ मैलांच्या सरासरीनें त्यांनीं ती शर्यत जिंकली. नंतर जेंकिन्सननें आपल्या मासिकांत जो वृत्तांत लिहिला, तो मोटारविषयक लेखनांत आजहि आदर्श मानला जातो. जो वाचीत होता त्यानेंच तें लिहिलें, म्हणून ती शर्यत आज आपणांस दिसते.

(३)

आतां आपल्या देशाकडे वळूं. मोटार येऊन फार वर्षें झालीं नव्हतीं तेव्हांच, १९०४ साल सरतां सरतां, दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची एक कसोटी घेण्यांत आली होती. ती शर्यत नसून, यंत्र या देशाच्या रस्त्यांवर टिकतें कीं नाहीं याची परीक्षा होती. आणि तिच्यांत हौस संस्थानिकांची व गोऱ्या साहेबांची होती. आमच्या दसऱ्याच्या मिरवणुकींत छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार अजूनहि लोकांच्या कौतुकाचा विषय होते, ती याच राजेशाही हौसेची खूण. स्वातंत्र्यानंतर ही हौस क्लबांच्या हातीं आली. १९५३ सालीं स्थापन झालेला मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लब, तसेच कलकत्ता व बंगलोर येथील क्लब यांनीं कधीं जुन्या विमानतळाच्या धांवपट्टीवर, तर कधीं उघड्या रस्त्यावर स्पर्धा भरविल्या. पुढें या क्लबांचें अखिल भारतीय मंडळ झालें, आणि खेळाला नियमांची चौकट मिळाली.

मुंबईनें रॅलीचें जागतिक रूप १९६८ सालीं पाहिलें. त्या वर्षीं लंडन ते सिडनी अशी एक प्रचंड स्पर्धा झाली. युरोप व आशिया खंड ओलांडून गाड्या मुंबईस आल्या, येथें त्या ‘चुसान’ नांवाच्या जहाजावर चढविल्या गेल्या, आणि ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरांत उतरून पुन्हां धांवूं लागल्या. त्यानंतर १९८० सालीं मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकारानें ‘हिमालयन रॅली’ सुरू झाली. दहा वर्षें तिनें पहाडी रस्त्यांवर देशी चालकांना परदेशी चालकांच्या बरोबरीनें उभें केलें. केनियाच्या शेखर मेहतांसारखे चालक तीसाठीं येथें आले. हे मेहता भारतीय वंशाचे. पूर्व आफ्रिकेंतील अतिशय खडतर अशी सफारी रॅली त्यांनीं १९७३ सालीं आणि पुढें १९७९ ते १९८२ अशीं लागोपाठ चार वर्षें, म्हणजे एकूण पांच वेळां जिंकली. आपल्या रक्ताचा मनुष्य हें करूं शकतो, हा धडा येथील तरुणांनीं त्या काळांत घेतला असेल तर नवल नाहीं.

या भूमीवर १९८८ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपदाची मालिका उभी राहिली. वर्षभरांत देशाच्या निरनिराळ्या भागांत फेऱ्या व्हाव्यात, प्रत्येकीचे गुण मिळावेत, आणि वर्षअखेर त्या गुणांच्या बेरजेवर अजिंक्यवीर ठरावा, अशी तिची रचना. चंडीगडच्या हरि सिंग यांनीं पांच वेळां हें पद मिळविलें. एन. लीलाकृष्णन, नरेन कुमार यांचीं नांवें त्यांच्यामागून येतात. पुढच्या पिढींत गौरव गिल यांनीं तें अनेकवार जिंकलेंच, शिवाय आशिया-पॅसिफिक मालिकेचें अजिंक्यपद २०१३, २०१६ व २०१७ सालीं पटकाविलें. २०१९ सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि मोटार-क्रीडेला हा सन्मान प्रथमच लाभला. महाराष्ट्रापुरतें बोलायचें तर नाशिकच्या परिसरानें या मालिकेच्या फेऱ्या पाहिल्या आहेत, आणि पुण्याचे संजय टकले यांनीं आशियांतील रॅलींत नांव मिळवून २०२५ च्या जानेवारींत सौदी अरेबियाच्या वाळवंटांतील डकार स्पर्धेचा क्लासिक विभाग पूर्ण केला.

या इतिहासाचा एक मोठा गुण आधीं मान्य केला पाहिजे. यांतील गाड्या आपल्या ओळखीच्या आहेत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार केलेली पद्मिनी, १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेली मारुति, तिच्यामागून आलेली जिप्सी, मग एस्टीम, लॅन्सर, पोलो : ही यादी म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारापुढील अंगणाचाच इतिहास आहे. ज्या गाडींतून आपण जोतिबाला आणि नृसिंहवाडीला गेलों, तीच गाडी आंत लोखंडी नळ्यांचा पिंजरा घालून, जादा भाग काढून टाकून, डोंगराच्या वाटेवर उभी राहिली. सामान्य वस्तूंत असामान्य शक्ति दडलेली असते, हें दाखविण्याची करामत या खेळानें केली. तो केवळ श्रीमंतांचा शोक आहे, हा आक्षेप निम्मा खरा आहे. पैसा श्रीमंतांचा लागतो, यांत शंका नाहीं. पण मोजून दिलेल्या मिनिटांत गाडीखालीं शिरून मोडका सांधा बदलणारा मिस्त्री श्रीमंत नसतो, आणि त्याच्या हाताच्या कसबावांचून एकहि अजिंक्यपद आजवर कोणी मिळविलेलें नाहीं.

(४)

असें असतां या इतिहासाचें लेखन मात्र फार दरिद्री आहे. तें बहुतांशीं कोष्टकांच्या रूपांत आहे : वर्ष, चालक, गाडी. या कोष्टकांवर आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा, कीं त्यांत दुसऱ्या माणसाला जागा नाहीं, किंवा असली तर ती कोपऱ्यांतील आहे. कासरगोडचे मूसा शरीफ यांच्यासारखा सहचालक शेंकडों स्पर्धांत वाचीत आला. त्याच्या शेजारचे चालक बदलले, पण आवाज तोच राहिला. अशा मनुष्याची कारकीर्द ही चालकाच्या कारकीर्दीची पुरवणी नव्हे. तिचा स्वतंत्र इतिहास लिहिला गेला पाहिजे, आणि त्या वह्या जपून ठेवल्या गेल्या पाहिजेत. पण कोणत्या ग्रंथालयानें अशी एक तरी वही मागितली आहे? स्पर्धा संपतांच ती रद्दींत जाते, आणि तिच्याबरोबर त्या रस्त्याचें त्या दिवसाचें एकमेव खरें वर्णन जातें.

दुसरा आक्षेप नांवांविषयींचा आहे. स्पर्धांना टायर, सिगारेट, पेयें यांच्या व्यापाऱ्यांचीं नांवें लागलीं; व्यापारी बदलला कीं स्पर्धेचें नांव बदललें. पैसा देणाऱ्यानें नांव मागावें यांत गैर नाहीं. त्याच्या पैशावांचून खेळ चालता ना. परंतु नांव बदललें कीं स्मृतीचा धागा तुटतो. आमच्याकडील जत्रांचीं मैदानें शंभर शंभर वर्षें एकाच देवाच्या नांवानें भरतात. म्हणून आज्याची कुस्ती नातवाला सांगतां येते. ज्या स्पर्धेचें नांवच दर दहा वर्षांनीं निराळें, तिची आठवण कोणत्या खुंटीला अडकवावी?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. या कोष्टकांत गांव नाहीं. ज्या रस्त्यावर गाडी धांवली तो कोणाचा होता, तो बंद झाला त्या दिवशीं कोणाचें काम अडलें, कोणाला सांगितलें होतें आणि कोणाला सांगितलें नव्हतें, याचा तेथें मागमूस नाहीं. आणि हा केवळ लेखनांतला दोष नव्हे. जें कथेंत नसतें तें पुष्कळदां विचारांतहि नसतें.

जेंकिन्सनच्या ‘मिले मिलिया’चीच पुढची हकीकत पाहा. त्याच्या विजयानंतर दोनच वर्षांनीं, १९५७ सालीं, त्याच शर्यतींत ग्विदित्सोलो या गांवाजवळ एक गाडी भरधांव असतां रस्ता सोडून लोकांत घुसली. चालक व सहचालक तर गेलेच, पण कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षकहि ठार झाले, आणि त्यांत पांच मुलें होतीं. सार्वजनिक रस्त्यांवरील ती शर्यत इटलीनें तेव्हांच कायमची बंद केली. १९६८ च्या लंडन-सिडनी स्पर्धेंतहि, ल्युसियें बियांकी हा चालक आघाडीवर असतां, सिडनी अगदीं टप्प्यांत आली असतांना, स्पर्धेशीं कांहीं संबंध नसलेली एक साधी मोटार समोरून आली आणि टक्कर झाली. बियांकी जबर जखमी झाला, आणि विजय अँड्र्यू कोवन याच्याकडे गेला. क्रीडेच्या इतिहासकारांनीं हा प्रसंग दैवाचा खेळ म्हणून रंगवून सांगितला आहे. आम्हांस त्यांत दैवापेक्षां रस्ता अधिक दिसतो. सार्वजनिक रस्ता दोन दिवसांकरितां उसना घेतला, तरी तो सार्वजनिकच राहतो. त्यावर चालण्याची लोकांची संवय एका फलकानें मोडत नाहीं.

आपल्या राष्ट्रीय मालिकेवर हा प्रसंग २०१९ च्या सप्टेंबर महिन्यांत आला. राजस्थानांतील बारमेर जिल्ह्यांत जोधपूरच्या फेरीचा एक टप्पा चालू होता. बंद केलेल्या त्या रस्त्यावर एक दुचाकी आली; तिच्यावर पति, पत्नी व त्यांचें मूल होतें. स्पर्धेची गाडी तिच्यावर आदळली. तिघेहि मरण पावले. चालक व सहचालक जखमी झाले. फेरी तेथेंच थांबविण्यांत आली. दोष कोणाचा, हें ठरविणें न्यायासनाचें काम आहे, मासिकाचें नव्हे. परंतु समीक्षकाला एक गोष्ट येथें म्हणतां येते. गाडींत बसलेल्या दोघांजवळ त्या रस्त्याची वही होती. पुढच्या वळणापलीकडे काय आहे हें त्यांना शब्दाशब्दानें ठाऊक होतें. दुचाकीवरच्या तिघांजवळ कोणतीहि वही नव्हती. रस्ता त्यांच्या मुलखांतला, पण त्या दिवशीं त्या रस्त्यावर काय येणार आहे हें सांगणारा आवाज त्यांच्या कानीं नव्हता. ज्या खेळाचें सर्व सौंदर्य एकानें दुसऱ्याला पुढचा धोका वाचून दाखविण्यांत आहे, त्या खेळानें तो धोका ज्यांना सर्वांत आधीं वाचून दाखवावयाचा, त्यांनाच वाचून दाखविला नाहीं. हा अपघात खेळाच्या बाहेरून येऊन आदळलेला नाहीं. त्याच्या मुख्य तत्त्वाचाच तो भंग आहे.

(५)

आतां प्रश्न आमच्या दाराशीं येतो. कोल्हापुरांत मोटार-क्रीडेची हौस नवी नाहीं. म्हादबा मिस्त्रींच्या काळापासून यंत्रविद्येची परंपरा सांगणारें उद्यमनगर, मोटारींचे सुटे भाग ओतणारे येथील कारखाने, चांदीच्या कामासाठीं प्रसिद्ध असलेल्या हुपरीच्या परिसरांत तयार झालेला लहान शर्यती गाड्यांचा मार्ग, आणि २०१८ सालीं ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेंत उतरलेले कृष्णराज महाडिक : ही सामग्री थोडी नाहीं. दक्षिणेंत कोइमतूर हेंहि आमच्यासारखेंच ओतकामाचें आणि पाण्याच्या पंपांचें शहर. तेथील एस. करिवर्धन यांनीं शर्यतीच्या गाड्या स्वतः आंखून स्वस्तांत बांधल्या, आणि त्या गाड्यांवर चालकांची एक पिढी तयार झाली. १९९५ सालीं विमान-अपघातांत ते गेले, तरी त्यांच्या नांवाचा मार्ग तेथें आहे. कोइमतूरला जें साधलें तें कोल्हापुराला कां साधूं नये, असें तरुणांनीं विचारलें तर तें रास्तच आहे. राष्ट्रीय फेरी आमच्या घाटांत यावी, ही इच्छाहि त्यामागून येणारच.

आमचें मत या इच्छेच्या विरुद्ध नाहीं, पण तें सशर्त आहे. आंबा घाट, गगनबावड्याहून उतरणारे करूळ व भुईबावडा हे घाट, राधानगरीवरून जाणारा फोंडा घाट : हे रस्ते चालकाला मोह घालतील यांत नवल नाहीं. परंतु हे घाट म्हणजे देश आणि कोंकण यांना जोडणाऱ्या नाड्या आहेत. त्यांवर दिवसभर बोट दाबून धरतां येणार नाहीं. राधानगरीचें अरण्य तर गव्यांचें. १९५८ पासून तें अभयारण्य आहे, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटाचा जो वारसा जगानें मान्य केला त्यांत तें मोडतें. तेथें वेगाची भाषा बोलूंच नये. राहतात ते आडवाटेचे, माळावरचे, लाल मातीचे रस्ते. पण त्यांनाहि त्यांचें पंचांग आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो, आणि मग फाल्गुनापर्यंत उसानें लादलेल्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर प्रत्येक वाटेवर असतात. चैत्रीं पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. तिच्या आगेंमागें सासनकाठ्या घेऊन माणसें रस्त्यानें चालत असतात. ज्येष्ठांत पाऊस उतरतो. आणि बारा महिने सकाळ-संध्याकाळ दुधाची गाडी गांवोगांव जाते. ती एक वेळ चुकली तर घरोघरीं दूध नासतें. या सर्वांतून रॅलीला मोकळी अशी फट राहते ती वैशाखांतील थोड्या दिवसांची, तीहि दोन धारांच्या मधल्या वेळेची. ज्यांना येथें यावयाचें आहे त्यांनीं आधीं हें पंचांग वाचावें.

बैलगाडीच्या शर्यतींनीं आम्हांला या बाबतींत एक धडा दिलेला आहे. २०१४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या बंद केल्या. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायदा केला. २०२१ च्या डिसेंबरांत परवानगी मिळाली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत तो कायदा वैध ठरला. या वर्षांत शौकिनांनीं न्यायालयावर पुष्कळ राग काढला. पण त्या वादामुळें बैलाच्या हालांचा विचार खेळाच्या नियमांत आला, हें नाकारतां येत नाहीं. मुक्या जनावराच्या वतीनें बोलणारे निघाले आणि खेळ सुधारला. रस्त्याकडेच्या बोलक्या माणसांच्या वतीनें कोण बोलणार? त्यांच्यासाठीं अपघाताचीच वाट पाहावी लागावी, हें खेळाला शोभणारें नाहीं.

कोणी म्हणेल, मग बंद मार्गावरच शर्यती करा. तेथें कुंपण असतें, आणि खासबागेसारखें सर्वांना सर्व दिसतें. हा सल्ला सोपा आहे, पण त्यानें रॅली सुधारत नाहीं, नाहींशी होते. बंद मार्गावर तींच तींच वळणें शंभर वेळां येतात. तेथें वाचणाऱ्याची गरजच उरत नाहीं. अनोळखी मुलखांतून केवळ दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून जाणें, हा जो या खेळाचा प्राण, तो उघड्या रस्त्यावरच राहतो. तेव्हां रस्ता हवा, आणि रस्ता हवा म्हणजे रस्त्याची माणसेंहि हवींत. त्यांना टाळून हा खेळ खेळतां येणार नाहीं. सरासरी वेगाच्या रॅलीपासून आरंभ करावा, तिच्यांत शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना वही कशी लिहितात आणि कशी वाचतात हें शिकवावें, आणि मग वेगाच्या टप्प्याचें नांव काढावें, हा क्रम आम्हांस अधिक सुरक्षित व अधिक फलदायी वाटतो.

आणि तो दिवस आलाच, तर आयोजकांनीं एक गोष्ट करावी. ज्या गांवाचा रस्ता घ्यावयाचा, त्या गांवच्या ग्रामसभेंत महिनाभर आधीं जावें, आणि त्या रस्त्याची वही मराठींत वाचून दाखवावी : शाळेजवळ उजवें तीन, विहिरीपाशीं डावें दोन, पाटलांच्या खळ्यापुढें उंचवटा, पलीकडे कांहीं दिसत नाहीं. मग विचारावें, या विहिरीवर सकाळीं पाण्याला कोण येतें? या उंचवट्यापलीकडे कोणाचें घर आहे? गांव सांगेल तें वहींत लिहून घ्यावें, आणि गांव नको म्हणेल तर वही मिटून परत यावें. स्पर्धा झाल्यावर ती वही विजेत्या दोघांच्या नांवांसह त्या गांवच्या वाचनालयांत ठेवावी. पुढें कोणी या खेळाचा इतिहास लिहावयास बसला, तर त्याला कोष्टकापेक्षां तेथें अधिक सांपडेल.